तीन चाकांची टिटवी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती माझ्या सगळ्या खोड्या ओळखून होती, पण ही एक न ऐकताच गेली. देवाला तरी सांगितलं असेल असं म्हणाल, तर तेही नाही. देवापुढे बसलो की मी नेमकं दुसरंच काहीतरी बोलायचो — पाऊस, गुडघे, नातवाचा ताप. माणूस देवालाही गंडवू पाहतो, त्यातून मी मास्तर. समोरच्याला काही कळत नाही असं धरून चालायची मास्तरला सवयच असते.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि डोमालाही ओळखत नव्हता. ओळखत असता तर माझ्या दारात उभे राहिला नसता.

सुरुवात कुठून करू? विमानापासून? — नाही, पाण्यापासून करतो. कारण ते विमान आम्ही आधी पाण्यातच पाहिलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आमचं गाव आमगावपासून दोन कोसांवर. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा. मी गावच्या शाळेत मास्तर, वय चोवीस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. शाळेतल्या एका कपाटात गावचं पोस्ट होतं आणि त्या कपाटाची किल्लीही माझ्याच जानव्याला. खेड्यात तेव्हा असंच असे, मास्तर तोच पोस्टमास्तर. दुपारी आमगावहून डाकवाला थैली आणून टाकायचा. मी पोरांना पावकी-निमकी घोकायला लावून थैली उघडायचो. ही थैली लक्षात असू द्या.

आषाढातला एक रविवार. रोवणा चालू होता, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. त्या दिवशी उघाड पडली होती, वारा पडला होता, आणि गावाभोवतीच्या सगळ्या बांध्यांमध्ये आभाळ येऊन बसलं होतं. बाया गुडघाभर आभाळात उभ्या राहून रोपं लावत होत्या. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री टेकून उगाच बघत उभा होतो. डोमा सुतार कोणाचा तरी नांगर दुरुस्त करून घेऊन आला होता, तोही तिथेच टेकला. डोमा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आठवीपर्यंत शिकलेला, बाप मेलेला, घरी माय आणि अकरा वर्षांचा भाऊ बिसन.

आणि तेवढ्यात बायांच्या पायांमधून काहीतरी पांढरं सुळकन गेलं. एका बांधीतून निघालं, धुरा ओलांडून दुसऱ्या बांधीत शिरलं, तिसरीत गेलं, संपलं. आवाज नाही. मग, ते गेल्यावर, आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. आम्ही वर पाहिलं तेव्हा तिथे फक्त एक रेघ होती आणि तीही विरत चालली होती. बाया ओरडल्या, एकीने रोपांची जुडी टाकून कान झाकले.

"गुरुजी," डोमा म्हणाला, "त्याले दोन शेपट्या होत्या."

मीही दोनच पाहिल्या होत्या. आता, पाणी हलतं, हलत्या पाण्यात एकाचे दोन दिसतात, हे मला कळायला नको? पोरांना मीच शिकवायचो. पण खरं सांगू, त्या क्षणी मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. दोघांनी पाहिलं होतं, दोघांना दोन दिसल्या होत्या. बस्स.

मला विमानांचं वेड जुनं होतं. लढाईच्या काळात गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी धावपट्टी केली, तेव्हा मी शाळकरी होतो आणि बोरीच्या जाळीत लपून विमानं उतरताना बघायचो. अंगाला काटे टोचायचे ते घरी येईपर्यंत कळायचे नाहीत. पुढे वर्तमानपत्रांतली चित्रं कापून पत्र्याच्या पेटीत ठेवू लागलो. जेट विमानांची चित्रं आली तसा तर मी पार वाया गेलो. पण त्या चित्रांतली सगळी विमानं परक्यांची. आपल्याकडे होती तीही बाहेरून घेतलेली. मी उताणा पडून छताकडे बघत विचार करायचो — आपलं स्वतःचं असतं तर? कोणी केलं असतं तर? कसं दिसलं असतं ते?

त्या रविवारी संध्याकाळी मी जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानांवर ते काढायला घेतलं. जे कोणी बनवलं नव्हतं, बनवणारही नव्हतं, ते लढाऊ जेट. पंख मागे वळवलेले. वारा घ्यायची तोंडं पंखांच्या मुळाशी. नाक लांब, टोकदार. आणि शेपट्या दोन.

दुसऱ्या दिवशी कागद डोमापुढे ठेवला. त्याने तो बराच वेळ उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"केवढा करावाचा जी?"

मी म्हणालो, खरं विमान छत्तीस फुटांचं धर. आपण त्याचा चोविसावा भाग करू. फुटाला अर्धा इंच.

"पन खरं तं हायेच नाई ना."

"नाहीच."

"मंग नाई त्याचा चोविसावा भाग केवढा होते जी गुरुजी?"

दीड फूट, मी म्हणालो. म्हणजे बरोबर एक हात. त्याने आपला हात कोपरापासून लांब करून पाहिला, हसला आणि शिवणीचा ओंडका शोधायला उठला. त्या हसण्याचं मी काय करू? पन्नास-पंचावन्न वर्षं झाली, ते अजून जसंच्या तसं समोर येतं.

डोमाच्या घरापुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, आमचं काम चालायचं. शाळा सुटली की मी तिथेच. त्याचा लाकूड तासायचा वाकस चालायचा, शिवणीचे पांढरे छिलके उडायचे, आणि मी फूटपट्टी घेऊन वटवट करायचो. पंख सूतभर जाड झाला, शेपूट कललं, असं. तो ऐकून घ्यायचा आणि स्वतःच्या डोळ्याने करायचा, आणि माझ्या पट्टीपेक्षा त्याचा डोळा खरा निघायचा. बसायच्या जागेवरचं झाकण आम्ही कंदिलाच्या फुटक्या काचेतून घासून काढलं. मागचं धूर सोडायचं तोंड म्हणजे एक रिकामं काडतूस — नागझिऱ्याच्या रानात शिकाऱ्यांनी टाकलेलं, बिसनने कधीतरी उचलून आणलेलं. पितळ घासून असं चमकवलं की सपरीत दिवा लावल्यासारखं वाटे.

नाव डोमाच्या मायमुळे पडलं. एकदा धुऱ्यावर टिटवी कोकलत होती, तर म्हातारी म्हणाली, "आभाळ पडन म्हनून ते पाय वर करून झोपते, बापा. आभाळ धरून राह्यते."

डोमाने वाकस खाली ठेवला. "हेच ठेवा जी नाव. आपलंही आभाळच राखाचं हाये ना."

तर असं ते टिटवी नावाचं लढाऊ जेट. कुणा शत्रूने ऐकलं असतं तर हसून मेला असता. आम्ही मात्र फार गंभीर होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, माहीत असेलच. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी, आणि त्या दिवशी पोरांचे लाकडी नंदी. चाकांवरचे नंदी दोरीने ओढत पोरं दारोदार जातात. घरधनी बाहेर येतो, नंदीच्या पायांवर पाणी घालतो, कपाळाला कुंकू लावतो आणि पोराच्या ओंजळीत बोजारा टाकतो — मुरमुरे, गूळ, घरात असेल ते. गावातले सगळे नंदी डोमाच्या हातचे. त्या वर्षी बिसनला नंदीऐवजी टिटवी ओढायला द्यायची असं ठरलं. म्हणजे पोळ्यापर्यंत ती पुरी व्हायला हवी होती.

आता दुसरी गोष्ट. हिला टाळून पुढे जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

आषाढ संपता संपता वर्तमानपत्रात हवाई दलाच्या भरतीची जाहिरात आली. कारागीर हवे होते, सुतारकाम जाणणारेही. मी डोमाला म्हटलं, चल. अर्ज मीच इंग्रजीत भरला. एक त्याचा — आणि एक माझा. माझा मी खिशात ठेवला होता, त्याला सांगितलं नव्हतं. आमगावहून पॅसेंजर धरून नागपूरला गेलो, आणि रांगेत उभं राहिल्यावर मी हळूच तो काढला. डोमाने पाहिलं. त्याला इतका आनंद झाला, की दोघं मिळून जाऊ म्हणून त्याने माझा दंडच धरला.

मला चष्मा काढायला लावला. समोरच्या भिंतीवर अक्षरं होती म्हणे. मला भिंत दिसली. पुढचा माणूस बोलवा, असं कोणीतरी म्हणालं आणि मी बाहेर आलो. दोन मिनिटांचं काम. डोमाला मात्र त्यांनी लाकडाचे दोन तुकडे आणि पटाशी दिली, सांधा करून दाखव म्हणाले. मी खिडकीतून बघत होतो. साहेबाने तो सांधा उजेडाकडे धरला. फिरवला. पुन्हा उजेडाकडे धरला. कुठूनही उजेड येत नव्हता. घेतलं तर महिनाभरात घरी कागद येईल, असं सांगून त्यांनी त्याला सोडलं.

परतताना गाडीत डोमाने मला खिडकीची जागा दिली. मग म्हणाला, "तुमचा व्हाले पायजे होता जी गुरुजी. माहा नाई झाला तरी चालते." खरोखरच म्हणाला तो, मनापासून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बांध्यांतून आभाळ पळत होतं. मला त्या क्षणी त्याचा राग आला. चांगुलपणाचा कधी राग आला आहे तुम्हाला?

श्रावणात कागद आला.

दुपारची वेळ. पोरं पावकी म्हणत होती. थैलीतून चार पोस्टकार्डं आणि एक लांबट खाकी पाकीट निघालं, वर डोमाचं नाव. मी ते उघडलं. त्याचं इंग्रजी पत्र मलाच वाचून द्यावं लागणार होतं, म्हणून उघडलं — असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. त्याला हाक मारून त्याच्यासमोर उघडता आलं असतं. तो तीस पावलांवर होता. वाकसाचा आवाज शाळेत येत होता.

आत लिहिलं होतं की त्याची निवड झाली आहे. दहा दिवसांत नागपूरला हजर व्हावं, तिथून शिक्षणासाठी दक्षिणेत पाठवतील. सोबत रेल्वेचा पास होता. मी ते दोनदा वाचलं. पोरांची पावकी संपली तेव्हा त्यांना निमकी म्हणायला लावली.

थोडेच दिवस ठेवू, असं मनात आलं. पोळा सातव्या दिवशी होता. टिटवी अर्धी रंगवायची राहिली होती. हा आत्ता गेला तर ती तशीच राहील. पुरी होऊ दे, मग देऊ. यात काय वाईट? — बघा, कसं वाटतं ऐकायला. जवळजवळ शहाणपणाचं वाटतं. पण त्याच्या तळाशी काय होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. बोरीच्या जाळीत काटे मी खाल्ले होते. चित्रं मी कापली होती. विमान माझ्या डोक्यातून निघालं होतं. आणि जाणार तो. मला त्याचा मत्सर वाटला. दुसरा चांगला शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही. आणि तो गेल्यावर संध्याकाळी मी कुठे जाऊन बसणार होतो? हेही होतं. पण आधी मत्सर.

दुपारी तो आला. अंगावर छिलके, हातात पटाशी तशीच. "आला का जी काही?"

"नाही."

पहिलं नाही फार जड गेलं. दुसऱ्या दिवशीचं सहज निघालं. तिसऱ्या दिवशी तर मी मानही वर केली नाही. तो रोज येत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी टिटवी पुरी झाली. अंगाला चुन्यात नीळ कालवून रंग दिला होता, पंखांवर तिरंगी चक्रं. तिला जमिनीवर ठेवलं आणि ती मागे कलंडली, नाक आभाळात. डोमा पोट धरून हसला. "बसला बैल!"

त्याचं म्हणणं, नंदीसारखी चार चाकं लावू. मी ऐकेना. जेटला तीनच असतात, एक पुढे, दोन मागे. मग नाक जड करायला हवं, तो म्हणाला. त्याने खालून नाक कोरून पोकळ केलं आणि टिटवी माझ्या मांडीवर उताणी ठेवली. पाय वर, गोष्टीतल्यासारखी.

"तुमी वजन भरा जी गुरुजी. मी लाख तापवतो."

तो चुलीकडे गेला. माझ्यापुढे लोहाराकडून आणलेले लोखंडाचे तुकडे होते. सदऱ्याच्या खिशात पाकीट होतं. सहा दिवस मी ते अंगावर वागवत होतो, घामाने मऊ झालं होतं. अजून चार दिवस हातात होते. हे मी मुद्दाम सांगतो. मुदत संपली नव्हती. हाक मारली असती तर तो पाच पावलांवर होता, फुंकणीने जाळ फुंकत होता, आणि त्याची माय त्याला काहीतरी सांगत होती.

मी कागद आणि पास घडी घालून, आणखी घडी घालून नाकात सारले. त्यावर लोखंडाचे तुकडे भरले. कागदाला काय वजन असतं? वजनासाठी तो लागत नव्हता.

डोमा लाख घेऊन आला. पळसाची लाख, तांबडी, उकळती. त्याने स्वतःच्या हाताने ती धार आत सोडली. थेंब इकडेतिकडे सांडू दिला नाही. मग ओल्या फडक्याने दाबून सारखी केली, रंधा मारून गुळगुळीत केली, वर रंग दिला. जोड कुठे आहे ते मलाही दिसेना. फार सुरेख हात होता त्याचा.

टिटवी तीन चाकांवर उभी राहिली.

तान्ह्या पोळ्याला बिसन ती ओढत निघाला. मागे तीस-चाळीस नंदी आणि पुढे हे. पोरं ओरडत होती, "तीन पायाचा बैल! तीन पायाचा बैल!" पण दार एकही बंद राहिलं नाही. सगळ्या घरांतून बाया बाहेर आल्या, चाकांवर पाणी घातलं, आणि मग सगळ्यांपुढे एकच प्रश्न — हिचं कपाळ कुठे? डोमाने सांगितलं, नाक हेच कपाळ. मग नाकाला कुंकू लागू लागलं. पाटलाच्या घरापासून शेवटच्या झोपडीपर्यंत. माझ्या दारात आले तेव्हा ते नाक कुंकवाने लाल झालं होतं आणि बिसनची ओंजळ मुरमुऱ्यांनी भरलेली. मीही लावलं. गाव सगळं त्या दिवशी डोमाचं नाव घेत होतं. डोमा लोकांना सांगत होता, "गुरुजीचा हाये जी सारा. मी तं फक्त लाकूड कोरला."

ते चार दिवस गेले, मुदत संपली. पुढचा महिना तो दुपारी येत राहिला. मग एक दिवसाआड. मग एकदा दारातूनच म्हणाला, "नापास झालो असन जी. सांधा ढिला राह्यला असन कुठं तरी." मी थैलीचं तोंड बांधत राहिलो. तो सांधा मी पाहिला होता. उजेडाकडे धरलेला.

सरकारचा दुसरा कागद आला नाही. सरकार कोणाच्या दारात दोनदा येत नाही.

इथेच थांबलो असतो तरी पुरेसं होतं, नाही? एक तरुण माणूस, एक दुबळा दिवस, झाली चूक. मीही पाच-सहा वर्षं तसंच धरून चाललो. डोमाचं लग्न झालं. मायला आधार राहिला. संध्याकाळी मी सपरीत जाऊन बसायचो, तो नांगर करायचा, आणि मधूनच म्हणायचा, "तवा कागद आला असता तं गुरुजी, मी आज कुठं असतो?" आणि आम्ही दोघं ते रचायचो. तो कोणत्या गावात असता, विमानाच्या कोणत्या भागाला त्याचा हात लागला असता, वर बसणाऱ्याला खाली उभ्या असलेल्या डोमाचं नाव माहीत असतं का. मी भर घालायचो! मला ती शब्दांतली विमानं रंगवायला आवडायचं, काय सांगू. एकदा मी दक्षिणेतल्या त्या गावाचं नाव घेतलं, कागदावरचं. तो म्हणाला, हे बरं सुचते जी तुमाले.

आणि मग बिसन सतरा वर्षांचा झाला.

माझाच विद्यार्थी. गणितात त्याने मला दोनदा चुका काढून दाखवल्या होत्या. भरतीची जाहिरात पुन्हा आली होती, त्याने कुठून तरी अर्जाचा कागद मिळवला. डोमा तो घेऊन माझ्याकडे आला. ओसरीवर बसला. कागद मांडीवर नीट पसरून त्यावरून हात फिरवत राहिला.

"गुरुजी, खरं सांगा जी. मी नापासच झालो होतो ना?"

मी म्हटलं, आज हे काय मध्येच?

"माह्यापेक्षा त्याचा हात कमी चालते. मी नापास झालो तं थो कसा पास होईन? उगाच पोराले आस लावून कायले बसवाचा? मी बसलो होतो ना वाट पाहत. लय वाईट राह्यते ते." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले साहेबायचं कळते. तुमी म्हनान तं पाठवतो."

म्हणजे त्याने दार उघडून माझ्यापुढे धरलं होतं. मला जुनं काही कबूल करायचीही गरज नव्हती. 'पाठव' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच आलं. बिसन तिथे गेला, साहेबांच्या दप्तरात जुन्या यादीत भावाचं नाव निघालं, 'हा निवडला होता, आला का नाही?' असं कोणी विचारलं, तर?

"हो, डोमा," मी म्हणालो. "नापासच."

पहिल्या वेळी मी फक्त कागद आला नाही म्हणालो होतो. या वेळी मी त्याला नापास केलं. स्वतःच्या तोंडाने, मास्तरच्या आवाजात.

त्याने मान हलवली. जणू काही मोकळाच झाला. अर्जाची घडी केली आणि उठताना माझ्या हातात दिली. "पाठकोरा हाये जी. तुमाले चित्र काढाले कामी येईन."

मी त्यानंतर एकही विमान काढलं नाही. पण यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

बिसन गोंदियाला भातगिरणीत पोती वाहायला लागला. चाळीस वर्षं वाहिली. त्याच्या उजव्या खांद्यावर मुठीएवढं टेंगूळ आलं आहे. सदऱ्यातूनही दिसतं. भेटला की वाकून नमस्कार करतो, गणिताची आठवण काढतो. डोमा नंदी कोरत राहिला. त्याचं आयुष्य वाईट गेलं असं कोणी म्हणणार नाही, आणि त्या वाक्याच्या आड मी लपणार नाही. त्याने आपल्या पोरांना, नातवांना एक गोष्ट नेहमी सांगितली — आपल्या घरचा हात बरा आहे, पण परीक्षेत उतरत नाही. त्यांनी ती खरी मानली. बापाने सांगितलेली गोष्ट कोण तपासतो?

टिटवी दर वर्षी निघते. डोमाच्या पोराने ओढली, मग नातवाने. पंखांवरची चक्रं दोनदा नव्याने रंगवली, कंदिलाची काच फुटली, काडतूस काळं पडलं. नाक तसंच आहे. दर वर्षी ती माझ्या दारात येऊन थांबते, आणि दर वर्षी मी तांब्या घेऊन बाहेर येतो, चाकांवर पाणी घालतो आणि त्या नाकाला कुंकू लावतो. घरधन्याला टाळता येत नाही. दारात आलेल्या नंदीला पाठ दाखवू नये म्हणतात.

डोमा यंदा पौषात गेला. शेवटच्या दिवसांत मी रोज उशाशी बसायचो. दोघंच असायचो कितीतरी वेळ. शब्द तोंडाशी यायचे असं म्हणायचा मोह होतो. आले नाहीत. मी त्याच्याशी पावसाबद्दल बोललो.

परवा तान्हा पोळा झाला. टिटवी त्याच्या पणतूने आणली. चार वर्षांचं पोर, दोरी दोन्ही हातांनी धरलेली. मागे बिसन, खांदा एका बाजूला झुकलेला. मी तांब्या ठेवून वाकलो. कुंकू पंखावर सांडलं.

"नाकावर लावा जी गुरुजी," बिसन म्हणाला. "दादा म्हने, हिचा जीव नाकात हाये. त्याच्यानंच उभी राह्यते."

मी नाकावर लावलं. पोराच्या ओंजळीत मुरमुरे टाकले. ते ओढत पुढच्या दाराकडे गेले, आणि तीन चाकांचा आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला.

त्या नाकात, लाखेच्या मागे, लोखंडाच्या तुकड्यांखाली एक कागद आहे. तो वाचलेला मी एकटाच.

डोमा पास झाला होता.